तेवरचा राजा कर्ण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफावे अशी आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम हातच जोडले. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. बी.ए.ला इतिहास हा विषय होता, एवढीच आमची त्या शास्त्राशी सोयरीक. पुढील सारे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. परंतु चिटणीसांनी आमचे काही ऐकले नाही. तेव्हा जे थोडेफार वाचले आहे आणि जे या नगरीत राहून पाहिले आहे, ते आपणापुढे ठेवतो. चुकलेमाकले पोटात घालावे.

विषयाचे निमित्त घरगुती आहे. जबलपूरला बदली होऊन आल्याचे ते पहिलेच वर्ष. नवरात्रात शेजाऱ्यांच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब तेवरच्या त्रिपुरसुंदरीच्या दर्शनाला गेलो. भेडाघाटच्या रस्त्यावरील ते ठाणे आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे; नवसाच्या नारळांनी लगडलेले ते आवार, ती रांग, तो धूळभरला रस्ता. रांगेत आमच्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध खेडुताने आमच्या दहा वर्षांच्या कन्येला स्थानमाहात्म्य सांगितले. राजा करन म्हणे येथे रोज उकळत्या तेलाच्या कढईत उडी घेई. देवी प्रसन्न होऊन त्याला उठवी आणि सव्वा मण सोने देई. ते सोने तो दिवस मावळण्यापूर्वी गोरगरिबांना वाटून टाकी. कन्येने वळून आम्हाला विचारले, "बाबा, हा महाभारतातला कर्ण का?" आम्ही म्हणालो, "हो, तोच असणार."

इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या गृहस्थाचे हे उत्तर! त्या रात्री काही केल्या झोप येईना. अकराव्या शतकात इंग्लंडच्या गादीवर कोण होते असे कोणी झोपेतून उठवून विचारले असते, तर आम्ही एका श्वासात सांगितले असते, की एडवर्ड, ज्यास 'कन्फेसर' म्हणत, तो 1042 मध्ये राजा झाला, त्याने वेस्टमिन्स्टरचे मोठे मंदिर उभारले, 1066 च्या जानेवारीत तो निपुत्रिक वारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हेस्टिंग्जच्या रणात सॅक्सनांचे राज्य बुडाले. परीक्षेसाठी घोकलेली सनावळी अशी जन्माची सोबत करते. आणि ज्या गावाच्या मातीत आमचे जोडे धुळीने माखले होते, तेथे नेमक्या त्याच काळात कोण राज्य करीत होता, हे मात्र आम्हास ठाऊक नव्हते.

तो राजा म्हणजे कलचुरी वंशातील कर्णदेव. लक्ष्मीकर्ण असेही त्याचे नाव आढळते. 1041 मध्ये तो त्रिपुरीच्या, म्हणजे आजच्या तेवरच्या, गादीवर आला आणि 1073 च्या सुमारास त्याने आपल्या हाताने पुत्राला अभिषेक केला. एडवर्डचे सारे राज्य या बत्तीस वर्षांच्या पोटात मावते. दोघांची राज्ये मात्र वेगवेगळ्या प्रकारे आपल्यापर्यंत पोचली. इंग्लंडात मठांतील भिक्षू वर्षवार बखर लिहीत होते. कोणत्या वर्षी दुष्काळ पडला, कोण सरदार रुसला, हे तीत सापडते. कर्णाची अशी बखर नाही. त्याचा इतिहास आहे तो त्याने दिलेल्या दानांच्या ताम्रपटांत, काही शिलालेखांत, आणि (ही मोठी मौज आहे) त्याच्या शत्रूंच्या तोंडी.

कलचुरी म्हणजे कोणी दूरचे परके नव्हेत, हे आपण महाराष्ट्रीयांनी विशेष ध्यानात घ्यावे. त्रिपुरीला येण्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, या नावाच्या राजांचे राज्य माहिष्मतीपासून नाशिक-कोकणापर्यंत पसरले होते. त्यांतील कृष्णराजाची चांदीची नाणी नाशिक जिल्ह्यात सापडली आहेत. घारापुरीला त्याची तांब्याची नाणी मिळाली, आणि तेथील थोरली लेणी याच घराण्याच्या काळातील असावीत असे अनेक विद्वान मानतात. त्याचा पुत्र शंकरगण याचा ताम्रपट नाशिक जिल्ह्यातील अभोण्याचा आहे. ज्या शकात तेवरच्या राजांनी आपले लेख कोरविले तो कलचुरी संवतदेखील नाशिककडील आभीर राजाने 248-49 च्या सुमारास सुरू केला, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे मत आहे. पुढे राष्ट्रकूटांशी या घराण्याचे पिढ्यान्पिढ्या सोयरसंबंध झाले. राष्ट्रकूट तिसरा इंद्र याची आई त्रिपुरीची. म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्राच्या सम्राटाचे आजोळ आपल्या या जबलपूरच्या वेशीवर होते!

कर्णाचा पिता गांगेयदेव. महमूद गझनवीबरोबर आलेल्या अल्बेरूनीने 1030 च्या सुमारास जो ग्रंथ लिहिला, त्यात डाहल देश, त्याची राजधानी आणि तेथील राजा गांगेय यांचा उल्लेख आहे. गांगेयाने सोन्याची नाणी पाडली. एका अंगाला तीन ओळींत नागरी अक्षरांत त्याचे नाव, दुसऱ्या अंगाला पद्मासनात बसलेली चतुर्भुज लक्ष्मी. हे नाणे लोकांना इतके रुचले, की चंदेलांनी ते उचलले, गाहडवालांनी उचलले, आणि शेदीडशे वर्षांनी महंमद घोरीनेदेखील आपल्या सोन्याच्या नाण्यावर तीच लक्ष्मी बसविली. गांगेयाने प्रयागच्या अक्षय्यवटाखाली देह ठेवला. त्याच्याबरोबर त्याच्या शंभर राण्यांनाही तेथे मुक्ती मिळाली असे नातवाचा ताम्रपट अभिमानाने सांगतो. वाचताना आम्हाला मात्र अभिमान वाटला नाही. त्या शंभरांतील एकीचेही नाव त्या पत्र्यावर नाही.

पित्याच्या मृत्यूनंतर वर्षाने, 1042 मध्ये, कर्णाने प्रयागला वेणीत स्नान केले, वर्षश्राद्ध केले आणि काशीच्या भूमीतील एक गाव एका ब्राह्मणाला दान दिले. हा त्याचा बनारसचा ताम्रपट. येथे थोडे थांबण्याची परवानगी असावी, कारण हा विषय आमच्या व्यवसायाचा आहे.

आम्ही प्रथम या ताम्रपटाचे भाषांतर वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. हा तर आमचा नेहमीचा मंजुरीचा हुकूम! आरंभी हुकूम देणाऱ्याची परंपरा आणि अधिकार. मग ज्यांना ज्यांना हा हुकूम कळवावयाचा त्यांची यादी: राणी, युवराज, महामंत्री, महामात्य, महासांधिविग्रहिक, महापुरोहित, महाप्रतीहार, महाक्षपटलिक, महाभांडागारिक, अश्वदळाचा अधिकारी आणि शेवटी त्या गावचे रहिवासी. आपण 'प्रत माहितीसाठी रवाना' म्हणून जी शेपटी जोडतो, ती येथे मस्तकी धारण केलेली आहे एवढाच भेद. यांतील महाक्षपटलिक म्हणजे दप्तराचा आणि हिशेबाचा मुख्य, आमचे मूळपुरुष. मग देय वस्तूचा तपशील. गाव दिले म्हणजे काय काय दिले? पाणी आणि जमीन, आंबे आणि मोहाची झाडे, खड्डे, खारवट जमीन, मिठाच्या खाणी, जंगल, पाणथळ, जाण्यायेण्याची वाट. उद्या तंटा नको म्हणून सारे खुलासेवार. मग घेणाऱ्याचे गोत्र, प्रवर, शाखा, बापाचे आणि आजाचे नाव. आणि अखेर पुढील राजांना विनंती, की हे दान पाळावे; जो मोडील तो साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होऊन राहील. आमच्या परिपत्रकांत ही शेवटची सोय नाही, आणि तिची उणीव आम्हाला अनेकदा भासली आहे.

हसू ओसरल्यावर विचार आला तो असा. इंग्लंडात एडवर्डनंतर वीस वर्षांनी, 1086 मध्ये, विल्यमने गावोगावी अंमलदार पाठवून 'डूम्सडे बुक' तयार करविले. एडवर्डच्या वेळी कोणती जमीन कोणाची होती आणि आता कोणाची आहे याची ती मोठी खतावणी. ती राहिली, तिच्या आधारे त्या समाजाचा इतिहास लिहिता येतो. कर्णाच्या महाक्षपटलिकाकडेही खतावण्या असल्याच पाहिजेत, त्यांवाचून गावाच्या सीमा आणि उत्पन्नाच्या बाबी इतक्या नेमक्या लिहिता येत नाहीत. परंतु त्या ताडपत्रांवर अथवा भूर्जपत्रांवर होत्या, त्या गेल्या. तांब्यावर जे चढले तेवढे उरले, म्हणजे केवळ जे देऊन टाकले ते. जे जिंकले, जे वसूल केले, जे भांडारात भरले, त्याचा एक कागद राहिला नाही.

आणि जिंकले तर थोडेथोडके नव्हे. पूर्वेस गौड देशापर्यंत त्याच्या सेना गेल्या. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात पैकोर येथे त्याचा लेख असलेला स्तंभ आहे. तिबेटी ग्रंथांत कथा आहे, की पश्चिमेच्या कर्ण राजाची आणि मगधाच्या नयपालाची लढाई जुंपली असता आचार्य दीपंकर अतीश यांनी मध्यस्थी करून तह घडविला. पुढे नयपालाचा पुत्र तिसरा विग्रहपाल याला कर्णाने आपली कन्या यौवनश्री दिली, आणि वीरश्री नावाची दुसरी पूर्व बंगालच्या जातवर्मन राजाला. उत्तरेस त्याने चंदेलांचा देश जिंकला. पश्चिमेस गुजरातच्या भीमदेवाशी संगनमत करून धारच्या भोजराजाला कोंडीत धरले. त्याच संकटात, 1055 च्या सुमारास, भोज वारला. काही इतिहासकारांनी कर्णाला हिंदुस्थानचा नेपोलियन म्हटले आहे. आम्हाला ती उपमा फारशी आवडत नाही. परंतु एका अर्थी ती बरोबर आहे, कारण मिळविलेले त्याच्याजवळही राहिले नाही.

पाहा कसे ते. चंदेल कीर्तिवर्म्याच्या गोपाल नावाच्या सेनानीने कर्णाला हरवून आपल्या धन्याचे राज्य परत मिळविले. त्या विजयानंतर कृष्णमिश्राने 'प्रबोधचंद्रोदय' हे नाटक रचले. त्याच्या प्रस्तावनेत विवेकाने महामोहाला जिंकावे तसे गोपालाने कर्णाला जिंकले, असा दृष्टांत आहे. वेदान्ताच्या नाटकात आमचा कर्ण महामोहाच्या आसनावर जाऊन बसला तो कायमचा! दक्षिणेच्या चालुक्य सोमेश्वराने त्याचा मोड केला असे बिल्हण कवी सांगतो. हाच बिल्हण काश्मीराहून भटकत येताना काही काळ कर्णाच्या दरबारी राहिला होता, तेथे गंगाधर नावाच्या कवीला त्याने वादात जिंकले होते, आणि त्याच काव्याच्या शेवटच्या सर्गात तो कर्णाचा गौरवही करतो. जेथे जेवला तेथील स्तुती, आणि जेथे नोकरी धरली तेथील धन्याचा विजय. कवीलाही पोट असते, त्याला दोष कोणी द्यावा? मालव्यात भोजाचे वंशज कर्णाने पार चिरडले होते. तेथे उदयादित्याने राज्य सावरले. या गोष्टीचा पुरावा कोठे आहे म्हणाल, तर आपल्या नागपुरात! नागपूर प्रशस्ति म्हणून प्रसिद्ध असलेल्या, 1104-05 मधील शिलालेखात, कर्ण आणि कर्णाटक यांच्या पुरात बुडालेली पृथ्वी उदयादित्याने आदिवराहाप्रमाणे वर काढली असे वर्णन आहे. त्या दगडापुढून आपल्यापैकी किती जण सुटीत गेले असतील! आम्हीही गेलो होतो. पंखा कोठे आहे एवढेच तेव्हा पाहिले होते.

तर कर्णाच्या पराक्रमाचे जे चित्र आपणापुढे आहे ते बहुतांशी पराभूतांनी आणि पुढे जेते झालेल्यांनी रंगविलेले आहे. त्यांनी त्याला समुद्र म्हटले, मोह म्हटले, कालंजरपतीचा काळ म्हटले. क्षुद्र कोणी म्हटले नाही. एखाद्या अधिकाऱ्याचा गोपनीय अहवाल त्याच्या वैऱ्याने लिहावा आणि त्यातही त्याची कर्तबगारी लपू नये, तसे हे आहे.

बांधकामाची गोष्ट मात्र मनाला चटका लावणारी आहे. मेरुतुंगाच्या 'प्रबंधचिंतामणी'त एक आख्यायिका आहे. कर्णाने भोजाला आव्हान दिले, की आपण दोघांनी एकाच मुहूर्तावर पन्नास पन्नास हात उंचीचे देवालय बांधावयास घ्यावे, मी काशीत आणि तू अवंतीत. ज्याचे आधी पुरे होईल त्याच्या कलशोत्सवाला दुसऱ्याने छत्रचामर सोडून यावे. पैज कर्णाने जिंकली. ग्रंथ अडीचशे वर्षांनंतरचा, तेव्हा पैज खरी मानण्याचे कारण नाही. परंतु काशीला कर्णमेरू नावाचे उत्तुंग देवालय त्याने बांधले हे त्याच्या वंशजांचे लेख सांगतात. एडवर्डने उभारलेल्या वेस्टमिन्स्टरची जागा पुढे नव्या इमारतीने घेतली, पण त्याची समाधी आजही तेथे आहे. कर्णमेरूची एक शिळा ओळखून दाखविता येत नाही. कर्णावती नावाचे ब्राह्मणांचे अग्रहार त्याने वसविले. आपल्या तेवरजवळचे कर्णबेल त्याच्या नावाचे. कर्णबेलला पूर्वी अवशेषांचे ढीग होते. गेल्याच्या मागील शतकात, जेव्हा अलाहाबादकडून 1867 मध्ये आणि मुंबईकडून 1870 मध्ये रेल्वे येथे येऊन मिळाली, त्या काळात ठेकेदारांनी तेथील दगड गाड्या भरभरून नेले. ज्या लोहमार्गाने आपले पणजे-खापरपणजे कोकणातून आणि वऱ्हाडातून नोकरीसाठी जबलपूरला उतरले, त्याखाली कर्णाच्या राजधानीचे दगड असतील. कोणी दोष देण्यासारखे यात नाही, पण स्टेशनवर उभे असताना हा विचार आमच्या मनात येतो खरा.

भेडाघाटचीही एक शिळा अशीच दूर गेली. कर्णाचा नातू गयाकर्ण. त्याची राणी अल्हणदेवी, मेवाडच्या गुहिल राजाची कन्या. विधवा झाल्यावर, पुत्र नरसिंह राज्य करीत असता, तिने 1155 मध्ये भेडाघाटला शिवालय, मठ आणि अध्ययनशाळा बांधली आणि त्यांच्या निर्वाहाला गावे लावून दिली. हे सांगणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकात एका पाश्चात्य पंडिताच्या हातून थेट अमेरिकेत, न्यू हेवन येथील प्राच्यविद्या संस्थेकडे गेला. आजोबांच्या पिढीतील शंभर राण्यांची नावे गेली, आणि या एका परदेशीच्या लेकीचे नाव तेवढे राहिले. मेवाडची मुलगी सासरी नर्मदाकाठी आली, आणि तिचा लेख समुद्रापार जाऊन बसला. आपल्यातील ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी त्यांना ही गोष्ट अवश्य कळवावी.

हा सारा इतिहास उजेडात आणण्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते हे तरुणांना आता सांगावे लागते. नागपूरच्या मिराशींनी कलचुरी संवताच्या लेखांचा जो बृहद्ग्रंथ संपादिला, तो 1955 मध्ये दोन भागांत निघाला. आजही या विषयाचा अभ्यास त्यावाचून सुरू होत नाही. तेवरच्या टेकाडाचे उत्खनन 1952 मध्ये सागर विद्यापीठातर्फे झाले, ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले. आणि त्यांच्याही आधी, हजार वर्षांपूर्वी, एक महाराष्ट्रीय येथे येऊन राहिलाच होता: राजशेखर कवी. यायावर कुळातील, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणविल्या गेलेल्या अकालजलदाचा हा पणतू. कनोजहून तो त्रिपुरीला आला, आणि त्याची 'विद्धशालभंजिका' पहिल्या युवराजदेवाच्या दरबारात रंगली. जबलपुरात मराठी माणसाचे पहिले नाटक कोणते, असा वाद आपल्या नाट्यशाखेत अधूनमधून होतो, म्हणून नोंदवून ठेवतो. मात्र नाटिका संस्कृत होती, तेव्हा निर्णय परीक्षकांवर सोपवितो.

कर्णाच्या पुत्राच्या, यशःकर्णाच्या, वेळी राज्य आटले. काशी-प्रयाग गाहडवालांनी घेतले, आणि तेराव्या शतकाच्या आरंभी विजयसिंहानंतर त्रिपुरीचा प्रकाश मंदावला. पुढे गढ्याचे गोंड राजे आले. तो स्वतंत्र विषय आहे. त्रिपुरीचे नाव पुन्हा देशभर गाजले ते 1939 च्या मार्चमध्ये, सुभाषबाबूंच्या काँग्रेस अधिवेशनामुळे. आजही येथे त्रिपुरी म्हटले की लोकांना ते बावन्न हत्ती आठवतात.

आमची ती कन्या आता संसाराला लागली आहे. गेल्या नवरात्रात माहेरी आली तेव्हा तिला घेऊन आम्ही पुन्हा तेवरला गेलो. रांगेत उभे असताना जुने उत्तर दुरुस्त केले. सांगितले, की तो महाभारतातला कर्ण नव्हे, हा गांगेयाचा पुत्र, आणि मग येथे आपणास जे सांगितले ते थोडक्यात सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग बाबा, ते सव्वा मण सोने?"

आम्ही मनात हिशेब मांडला. गांगेयाच्या नाण्याचे वजन चार ग्रॅमच्या आसपास. सव्वा मण म्हणजे रोज साडेअकरा हजारांहून अधिक नाणी. तिला तसे सांगितले.

"महाक्षपटलिकाने मंजूर केले नसते," ती म्हणाली, आणि रांग पुढे सरकली.